‘तो हाय तसलाच’ म्हणायच्या आधी

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी गेली १९ वर्षं एचआरचं काम बघते. ‘एचआर’ हे अलीकडचं नाव. कामगारांच्या तोंडी मी अजून ‘टाइम ऑफिसच्या मॅडम’च. कोल्हापूरच्या सायबर कॉलेजातून एमएसडब्ल्यू करून आले तेव्हा माणसं समजून घ्यायची असं मनात होतं. पहिली सहा वर्षं पंचिंग, पीएफ आणि कँटीनच्या आमटीच्या तक्रारी समजून घेण्यात गेली. (बोलताना मी कोल्हापूरच्या बाकीच्या बायकांसारखीच ‘जातो, येतो, करतो’ म्हणते. इथं लिहिताना तेवढं सुधारून घेतलंय.)

माझ्या टेबलापुढं सगळ्यात जास्त वेळा म्हटलं गेलेलं वाक्य कुठलं, तर ‘मॅडम, तो हाय तसलाच.’ सुपरवायझर हेल्परबद्दल म्हणतो, हेल्पर सुपरवायझरबद्दल म्हणतो, मालकांचे चिरंजीव दोघांबद्दल म्हणतात. तसला म्हणजे कसला, असं विचारलं की समोरचा गडबडतो. कामाच्या जागी माणसाचा स्वभाव ओळखायचा कसा, हे मी ह्या ‘कसला’च्या मागं लागूनच शिकले. ज्यांच्या युनिटमध्ये वीस-पंचवीस माणसं आहेत आणि एचआर म्हणजे मालक स्वतःच, त्यांच्यासाठी आणि नुकतेच सुपरवायझर झालेल्यांसाठी हे लिहितेय.

आधी बिल्ले काढा

काही वर्षांपूर्वी आमच्याकडं एका ट्रेनिंगवाल्यांनी दोन दिवसांचा कार्यक्रम घेतला. हॉटेलातला एसी हॉल, दुपारी तांबडा-पांढरा, आणि प्रत्येकाच्या हातात प्रश्नावली. शेवटी चार रंगांपैकी एक रंग मिळाला आणि त्या रंगाचा बिल्ला. कामावर आल्यावर बिल्ले ड्रॉवरमध्ये गेले, रंग मात्र डोक्यात राहिले. ‘डिझाइनमधला तो निळा आहे, त्याला घाईचं काम देऊ नका.’ ‘मी लाल आहे, मी ओरडणारच.’ मशीन शॉपच्या इनचार्जनं तर रागावायचं लायसन मिळाल्यासारखे तीन महिने काढले. रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, होता तेवढाच राहिला.

मग मी ह्या रंगांचं मूळ शोधत बसले. माणसांचे असे चार ढंग विल्यम मार्स्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२८ साली मांडले. कॉमिकमधली वंडर वूमन जन्माला घालणारा तो हाच. त्यानं ही चाचणी काढलीच नव्हती. ती पुढं दुसऱ्यांनी काढली. दुसरी गाजलेली पद्धत १६ प्रकारांची, चार-चार इंग्रजी अक्षरांची. कार्ल युंगनं १९२१ मध्ये मांडलेल्या कल्पना घेऊन कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स ह्या मायलेकींनी ती उभी केली. दोघींचं मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. त्याचं मला वावडं नाही, चिकाटी मोठी होती त्यांची. अडचण वेगळी आहे. त्या पद्धतीत माणूस एक तर अंतर्मुख नाहीतर बहिर्मुख. मधे पाय ठेवायला जागा नाही. आणि बहुतेक माणसं असतात नेमकी मधेच. त्यामुळं तोच माणूस महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा पेपर सोडवतो आणि त्याचं एखादं अक्षर बदलतं, असं बऱ्याचदा होतं.

आपल्या धंद्यातलं सांगते. कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागाची, हार्डनेस आपण बीएचएनच्या (ब्रिनेल हार्डनेस नंबर) आकड्यात लिहितो. १८७, १९७, २१७. इन्स्पेक्शन रिपोर्टवर नुसतं ‘कडक’ किंवा ‘मऊ’ लिहून पाठवा बघू, गिऱ्हाईक गाडी गेटवरूनच परत लावेल. लोखंडाच्या तुकड्याला जेवढा मान देतो तेवढा माणसाला द्यायला काय हरकत आहे?

तरीही बिल्ला मिळाला की माणूस खूश होतो, ‘अगदी माझंच वर्णन’ म्हणतो. ह्याचीही गंमत आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर ह्या प्राध्यापकानं वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना स्वभावाची चाचणी दिली आणि आठवड्यानं प्रत्येकाच्या हातात ‘तुझं वर्णन’ ठेवलं. किती बरोबर आहे, पाचपैकी मार्क द्या म्हणाला. सरासरी ४.२६ पडली. वर्णन सगळ्यांना एकच होतं, राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेलं. मी हा खेळ आमच्या सुपरवायझरांवर चहाच्या सुट्टीत केला. बंद पाकिटात लिहिलं: ‘तुम्ही बाहेरून कडक, आतून हळवे आहात. तुमच्यातल्या गुणांचं अजून चीज झालेलं नाही.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, ‘मॅडम, हे मिसेसला दाखवायला नेऊ का?’

वही घाला

चाचणीऐवजी मी शंभर पानी वही वापरते. तिचा नियम एकच आहे, पण पाळायला महा अवघड: विशेषण लिहायचं नाही. माणसानं काय केलं ते लिहायचं. ‘प्रामाणिक’, ‘कामचुकार’, ‘चिडका’ हे शब्द वहीत येता कामा नयेत. नमुन्याला दोन नोंदी देते:

‘कोअर शॉप, नवीन पोरगा. हार्डनर संपत आल्याचं स्टोअरला जाऊन सांगितलं. कुणी पाठवलं नव्हतं.’

‘डिस्पॅच. चलनातली चूक दाखवल्यावर पहिलं वाक्य: त्या दिवशी मी नव्हतो.’

एवढंच. एका नोंदीवरून काही ठरवायचं नाही. तोच माणूस तीन ठिकाणी बघायचा: घाईत, निवांत असताना आणि काहीतरी बिघडल्यावर. तिन्ही ठिकाणी, निदान महिना-दीड महिना, वागणं त्याच वळणावर जात असेल तर त्याला स्वभाव म्हणा. तेही पेन्सिलनं.

तीन जागा का, तर काही जागा अशा असतात की तिथं स्वभाव दिसतच नाही. एसजी आयर्न ह्या जातीच्या ओतीव लोखंडात मॅग्नेशियम दिलं की धातू काही मिनिटांत ओतावा लागतो, उशीर झाला की त्याचा असर उतरतो आणि अख्खी हीट, म्हणजे भट्टीतला तो सगळा घाणा, वाया. त्या वेळी भट्टीवर जाऊन बघा. सगळे सारखेच चपळ, सारखेच तुसडे. १४०० अंशांच्या आसपासचं पातळ लोखंड समोर असताना ‘प्लीज’ कोण म्हणणार? तिथं काम माणसाला वागवत असतं. स्वभाव बघायचा तर हीट संपल्यानंतरची वीस मिनिटं बघा. लॅडल (पातळ लोखंड ओतायचं भांडं) कोण साफ करतो, कोण पाण्याच्या माठाकडं पळतो, कोण गप बाजूला बसून तंबाखू मळतो, कोण पुढच्या शिफ्टच्या माणसाला ‘तीन नंबरचा बॉक्स जरा बघ’ म्हणून सांगून जातो. माझ्या निम्म्या नोंदी ह्या वीस मिनिटांतल्या आहेत.

पाच पट्ट्या

वही भरली की ती वाचायची कशी? इथं मानसशास्त्राचा खरा उपयोग होतो. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट ह्या दोघांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाच्या वागण्या-स्वभावाचे जवळजवळ १८,००० शब्द काढले. पुढं कित्येक दशकं संशोधक ते चाळत, एकत्र जाणारे शब्द एकत्र ठेवत गेले, आणि शेवटी मोठे ढीग उरले पाच. हे पाच प्रकार नव्हेत, पाच मोजपट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठं ना कुठं असतो. व्यक्ती तितक्या प्रकृती, हे आपल्याकडं आजी-पणजीला ठाऊक होतंच.

पहिली पट्टी मी ‘नेटकेपणा’ म्हणते: हातात घेतलेलं काम नीट, वेळेवर, कुणी बघत नसतानाही. १९९१ मध्ये बॅरिक आणि माउंट ह्यांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा जवळजवळ सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांत कामाशी नातं दिसलं ते ह्याच पट्टीचं. बडबडेपणाचा फायदा विक्री आणि मॅनेजरकी असल्या कामांत दिसला. म्हणजे मुलाखतीत आपण ज्यावर भाळतो, ते फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायच्या कामाला) किंवा स्टोअरला फारसं कामाचं नाही.

पण नेटकेपणालाही टोक असतं. आमचे स्टोअरमधले आबा. प्रत्येक नट रजिस्टरला, प्रत्येक इंडेंटवर (मागणीच्या चिठ्ठीवर) सही. एकदा रात्रपाळीला दोन वाजता ब्लोअरचं बेअरिंग गेलं. मेंटेनन्सचा पोरगा धावत आला. इंडेंटवर सही करणारे साहेब घरी, फोन बंद. आबांनी बेअरिंग दिलं नाही. पाऊण तास काम उभं. सकाळी मीटिंगमध्ये ‘म्हातारा अडमुठा आहे, बदला’ असा एकमुखी ठराव. मी वही काढली. गेल्या तीन वर्षांत स्टोअरच्या मोजणीत आबांच्या पाळीत एकदाही तूट नव्हती. ज्या स्वभावामुळं तूट येत नाही, त्याच स्वभावामुळं बेअरिंग मिळालं नाही. तो बदलता येत नाही आणि बदलायचाही नाही. आम्ही आबांना एक लाल पावतीपुस्तक करून दिलं: रात्री दहानंतर, काम उभं असेल तर, मागणाऱ्याची सही आणि वेळ घेऊन वस्तू द्यायची, सकाळी साहेबांनी सही करायची. नियमाच्या माणसाला नियम मोडायला सांगू नका, दुसरा नियम द्या. आबा आता लाल पुस्तकही तितक्याच काटेकोरपणे भरतात. मागणाऱ्याला वेळ सेकंदांसकट लिहायला लावतात, ते एक जरा जास्त होतं.

दुसरी पट्टी काळजीची. तिला पुस्तकात जी नावं आहेत ती आजारासारखी वाटतात, म्हणून मी ‘धाकधूक’ म्हणते. डिस्पॅचला आमचा एक क्लार्क आहे, त्याची धाकधूक वर टोकाला. गाडी सुटली की दर तासाला ड्रायव्हरला फोन. सगळे त्याची टिंगल करायचे. २०१९ च्या ऑगस्टात पाऊस लागला तेव्हा हा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी भिंतीवर खडूनं लिहीत बसायचा. ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका. पाणी ४३ च्या खाली असतानाच मालकांच्या मागं लागून त्यानं पुण्याकडच्या दोन गाड्या अर्ध्या भरल्या तशा काढायला लावल्या. मग पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन दिवसच्या दिवस बंद राहिला, आजूबाजूच्या कितीजणांचा माल जागेवर अडकला. आमचा दोन गाड्यांचा पोचला होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी वाढायला लागलं, तेव्हा मालक स्वतः खाली येऊन खडूचा आकडा बघत होते. अशा माणसाला ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणून उपयोग नसतो. काय बिघडू शकतं ह्याची यादी त्याच्याकडून लिहून घ्या. त्याचंही डोकं हलकं होतं आणि आपल्याला फुकटात धोक्याची घंटा मिळते. फक्त गिऱ्हाईकाच्या वसुलीच्या भांडणाला त्याला बसवू नका. आम्ही बसवलं होतं. चार दिवस ॲसिडिटी.

तिसरी, जुळवून घेण्याची. हिच्या वरच्या टोकाची माणसं फार गोड असतात आणि प्लॅनिंगवाल्याला बुडवतात. ‘शुक्रवारपर्यंत होईल?’ ‘हो हो, होईल की.’ होत नाही. खोटं बोलत नसतात, नकार देणं त्यांच्या जिवावर येतं. त्यांना ‘होईल का’ असं विचारूच नका. ‘हे शुक्रवारी द्यायचं तर दुसरं कुठलं काम मागं पडेल?’ असं विचारा. मग नकार द्यावा लागत नाही, नुसती माहिती द्यावी लागते, आणि ती ते खरी देतात. खालच्या टोकाचे मात्र थेट ‘जमणार नाही’ म्हणतात. ऐकायला बोचतं, पण रिजेक्शनच्या मीटिंगला मला तेच हवे असतात.

चौथी बडबडेपणाची, आणि इथं कोल्हापुरात नीट जपून. आपल्याकडं चारजण मिसळ खायला बसले तरी बाहेरच्याला भांडण चाललंय असं वाटतं. चिपळूणचा एक इंजिनिअर आमच्या क्वालिटीला लागला. तीन महिन्यांनी मोल्डिंगच्या सुपरवायझरबद्दल त्यानं लिहून दिलं, ‘आक्रमक’. मी विचारलं, केलं काय त्यांनी? ‘मला ‘ए भावा, हिकडं ये’ म्हणाले. सगळ्यांसमोर.’ त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली की ती मायेची हाक होती. गावाचा सूर आधी वजा करायचा, उरलं ते माणसाचं. खरा बोलका कोण, गप्प कोण, हे आवाजावरून ठरत नाही. गर्दीत राहून कोण ताजातवाना होतो आणि कोण दमतो, ते बघायचं. आमचे पॅटर्न शॉपचे (साचा ज्यावरून उठवतात तो नमुना करणारे) मिस्त्री दिवसभर दहा वाक्यं बोलतात. मीटिंगमध्ये त्यांना विचारलं तर ‘बरंय की’. पण आदल्या दिवशी ड्रॉइंग हातात दिलं आणि दुसऱ्या दिवशी एकट्यांना गाठलं की ड्राफ्ट (नमुना साच्यातून सुटायला ठेवलेला उतार) कमी पडतोय, इथं आकसून फट येईल, सगळं सांगतात. गप्प माणसाला प्रश्न आधी द्या, उत्तर नंतर घ्या. इतकं साधं.

पाचवी पट्टी नव्याच्या ओढीची. तिच्याबद्दल एवढंच, की वयावर जाऊ नका. रेझिनचा पॅटर्न करून बघूया म्हणणारे हेच मिस्त्री, वय ५८. ‘आपलं लाकूडच बरं’ म्हणणारा डिप्लोमावाला २४ चा.

वयाबरोबर सरासरीनं नेटकेपणा आणि जुळवून घेणं वाढतं, धाकधूक कमी होते, असं अभ्यासात दिसलंय. तेव्हा २२ व्या वर्षीच्या पोराच्या पानावर तर पेनानं काहीच लिहू नका.

परिस्थिती वजा करा

आता माझीच चूक. फेटलिंगला एक मामा होते, वीस वर्षं ग्राइंडरवर. हाक मारली तर ओ देत नसत. सेफ्टीच्या मीटिंगला खाली बघून बसायचे, नवीन पोरांनी काही विचारलं तर ‘काय?’ म्हणून अंगावर यायचे. मी माझाच नियम मोडून त्यांच्या पानावर लिहिलं, ‘तुसडा’. पुढं दोन वर्षं त्या शब्दाच्या चष्म्यातून त्यांना बघत राहिले. लीडिंग हँडची (गटाच्या म्होरक्याची) जागा निघाली तेव्हा त्यांचं नाव मीच बाजूला ठेवलं.

मग वार्षिक कानतपासणीचे रिपोर्ट आले. मामांचा आलेख ४००० हर्ट्‌झपाशी दरीत उतरावा तसा खाली गेलेला. डॉक्टर म्हणाले, आवाजानं कान जातात ते तिथूनच सुरू होतात. माणसाला आवाज येतो, पण शब्द उलगडत नाहीत. मामांना लोक बोलताहेत एवढं कळायचं, काय बोलताहेत ते कळायचं नाही, आणि सारखं ‘पुन्हा सांग’ म्हणायची लाज वाटायची. मी स्वभाव म्हणत होते तो आमच्याच ग्राइंडरचा आवाज होता.

दुसऱ्याचं वागणं दिसलं की आपण स्वभावाला धरतो, स्वतःचं चुकलं की परिस्थितीला. मानसशास्त्रात ह्याला नाव आहे, पुस्तकं आहेत. मला मामांचा आलेख पुरला. तेव्हापासून कुठल्याही पानावर काही ठरवायच्या आधी मी चार गोष्टी विचारते. शिफ्ट कुठली होती? अंगात दुखणं-खुपणं आहे का? घरात काय चाललंय? आणि आपल्याकडं खास: उसाला तोड आली आहे का? नोव्हेंबर ते मार्च आमच्या निम्म्या माणसांचा जीव शेतात अडकलेला असतो. तोड आली की त्या दिवशी फडात उभं राहावंच लागतं, नाहीतर नंबर जातो आणि ऊस वाळतो. हंगामात सांगून न सांगून चार दिवस दांडी मारणारा माणूस बेजबाबदार असेलच असं नाही. वर्षभराचं पान बघा. हंगाम सोडून दांड्या नसतील तर तो शेतकरी आहे. जून-जुलैतही त्याच चार असतील, तर मग बसून बोलायचं.

बोलायचं कसं, तर वहीतल्यासारखंच. ‘तू निष्काळजी झालायस’ म्हटलं की पोरगा स्वतःचा बचाव करत बसतो. ‘मंगळवारी आणि गुरुवारी शिफ्ट रिपोर्ट कोरा होता, काय झालं?’ म्हटलं की तो मंगळवार आठवायला लागतो.

आणि एक कडक सूचना. ह्यातलं काहीही घेऊन नोकरीला घ्यायचं की नाही हे ठरवू नका. १६ प्रकारांची चाचणी चालवणारेसुद्धा भरतीसाठी ती वापरू नये असंच सांगतात. मोल्डर घ्यायचाय तर त्याला साच्याचा एक बॉक्स भरायला द्या. तेवढं पुरतं.

वही कुलपात असते. ज्याचं पान त्यानं कधीही मागावं, मी दाखवते, हे सगळ्यांना माहीत आहे. ही अट घातल्यापासून माझी भाषा फार सुधारली. मामांना कानाचं मशीन बसलं, आम्ही त्यांना ग्राइंडरवरून काढून इन्स्पेक्शनला बसवलं, त्यानंतर एक दिवस ते आले आणि म्हणाले, ‘माजं पान बघू द्या.’ दाखवावं लागलं. ‘तुसडा’वर काट मारून खाली तारीख घालून ‘कान’ असं लिहिलं होतं. चष्मा वर करून त्यांनी दोनदा वाचलं. मी माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात वही परत ठेवत म्हणाले, ‘काट कशाला मारली? ऱ्हाऊ द्या की ते बी. थोडा हाय मी तुसडा. घरात इचारा.’